शाई फासलेलं पुस्तक

आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत नोकरीला असताना मी एका म्हाताऱ्या जपानी इंजिनिअरचं शाळेचं पुस्तक गुप्त कागदपत्र म्हणून पकडून दिलं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. ड्रॉइंग आणि मॅन्युअल सांभाळणं माझं काम. बाकी सगळे सही करून ड्रॉइंग नेत. हा गृहस्थ ते घेऊन भर उन्हात पाइपापाशी उभा राही आणि रेघ न् रेघ ताडून बघे. "सर, छापलेलं आहे!" म्हटलं की नुसता हसे. माझ्यावर विश्वास नाही, म्हणजे याच्याच मनात काळंबेरं, असं मी ठरवून टाकलं.

एका दुपारी त्याच्या टेबलावर ते पुस्तक दिसलं. जुनाट, जपानी, आणि ओळीच्या ओळी काळ्या शाईनं माखलेल्या. तिकडे येणाऱ्या मासिकांत बायकांच्या उघड्या दंडांवर सेन्सॉरचा काळा मार्कर फिरलेला असे. तसली पानं ट्यूबलाइटसमोर धरण्यात आम्ही पटाईत. हेही धरलं. काही दिसेना. मग तर खात्रीच पटली! मी तक्रार केली आणि सिक्युरिटीनं पुस्तक जप्त केलं.

म्हातारा पांढराफटक. "लहानपणचं एवढंच उरलंय. फाडणार नाहीत ना?"

"इन्शाल्ला, नाही," मी म्हणालो. पकडून देणारा मीच, हे गिळलं.

सिक्युरिटीच्या साहेबानं दोघांनाही बोलावलं. म्हातारा सांगू लागला, "आम्ही युद्ध हरलो, अमेरिकन फौज आली, तेव्हा मी तिसरीत. युद्धाचे धडे काढायचा हुकूम झाला. नवी पुस्तकं छापायला कागद नव्हता. ज्या मास्तरांनी ते धडे मारून मारून पाठ करून घेतले, त्यांनीच आम्हाला शाईची कांडी उगाळून त्या ओळी फासायला लावल्या. पान उजेडाला धरून बघायचे. अक्षर दिसलं, की पुन्हा फासा! पुढे नवी पुस्तकं आली, मुली शेजारच्या बाकावर आल्या, वर्गाचा प्रमुख आम्ही मतं देऊन निवडू लागलो. चांगलंच झालं. पण तेव्हापासून छापलेलं काही तपासल्याशिवाय मानत नाही."

"खलास, विषय संपला," म्हणत साहेबानं पुस्तक परत दिलं.

बाहेर येऊन म्हाताऱ्यानं पान न् पान तपासलं. सगळी जागच्या जागी. मी धीर केला. "सर, तक्रार माझीच होती."

"माहीत आहे," पुस्तक मिटत तो म्हणाला. "तू आमच्या वर्गात हवा होतास. मास्तरांनी सांगायच्या आधीच शाई उगाळून बसला असतास."