सीलबंद लिफाफा

परवा बँकेत कोणीतरी डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि त्या वासाने मला तो लिफाफा आठवला. काही वर्षांपूर्वी घाटंजीजवळच्या आमच्या गावात अंगणवाडीच्या पोरांचे गणवेश शिवून घ्यायला ग्रामपंचायतीने सीलबंद दरपत्रकं मागवली होती. ते काम मिळालं असतं तर आमच्या बचत गटातल्या आठ बायांना कापसाची वेचणी संपल्यावरही दोन महिने मजुरी मिळणार होती. घरात डिंक नव्हता, म्हणून मी कणकेची खळ शिजवून लिफाफा चिकटवला आणि ग्रामसेवकाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या तापल्या पत्र्याखाली, त्याने सगळ्यांसमोर लिफाफे उघडले. एका ठेकेदाराचा दर आमच्यापेक्षा बरोबर एक रुपयाने कमी निघाला. मी आमचा लिफाफा उचलून पाहिला, तर चिकटवलेल्या कडेला डिंकाचा चकचकीत, अजून ओलसर पट्टा होता. "भाऊ, म्या तं घरची खळ लावली होती, हा डिंक कोठून आला?" सरपंच हसले, "काकू, तुमचं काम कपडे शिवाचं हाय का लिफाफे हुंगाचं?" सगळे खिदळले. ग्रामसेवकाने रजिस्टर पुढे केलं. लिफाफे सीलबंद असल्याची हजर लोकांनी खात्री केली, असं त्यात आधीच लिहून ठेवलं होतं. "सही करा, नाही तं पुढच्या खेपेले तुमच्या गटाचा अर्जच घेत नाही," तो म्हणाला. मी सही केली. त्या दोघांवरचा राग केव्हाच ओसरला. त्या खोट्या नोंदीखाली वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिणाऱ्या माझ्या हाताची किळस मात्र जात नाही.