नकाशाबाहेरचं पिंपळनेर

आखाजीच्या आदल्या दिवशी शाळा सांभाळणं काय असतं, ते मला जळगावजवळच्या असोद्याला नोकरी लागली त्याच वर्षी कळलं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं... मी पाचवीची वर्गशिक्षिका.

त्या दिवशी हेडमास्तर आणि बाकीचे गुरुजी मीटिंगला जळगावला गेलेले. सकाळची शाळा, तीन वर्ग एकाच हॉलमध्ये कोंबलेले आणि सांभाळायला मी एकटी. त्यात लाइट गेलेली.

हॉलच्या खिडक्या थेट एसटीच्या थांब्यावर उघडायच्या, खरी पंचाईत तीच. अक्षय्य तृतीया म्हणजे आमच्या खान्देशातली आखाजी, लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात... त्यामुळे हॉर्न वाजला की अख्खा हॉल खिडकीला लटकायचा. कुणाची ताई उतरली की तो भाऊराया खिडकीतूनच पसार.

सगळ्यात पुढे सिंधू. गुडघे कायम फुटलेले, रिबीन एकाच वेणीला, आणि आवाज अख्ख्या गल्लीला पुरेल असा. मी छडी आपटली, पाढे घेतले, शेवटी खिडक्याच लावून टाकल्या... पण एप्रिलातलं आमच्याकडचं ऊन. थोड्याच वेळात मीच मुकाट्याने उघडल्या.

खरं सांगू? माझंही लक्ष त्या थांब्याकडेच होतं.

माझं माहेर पिंपळनेर, पार तिकडे साक्रीकडे. आबा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर गेले. गेलेल्या माणसांच्या नावाने आखाजीला पाण्याची घागर भरतात, आणि यंदा आबांची पहिली घागर होती.

पण मुराळी आल्याशिवाय, म्हणजे माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय, लेकीने आखाजीला जायचं नाही अशी आमच्यात रीत. आजवर आबाच यायचे. मला भाऊ नाही... चुलत्यांकडचं कुणीतरी येईल म्हणून आठवडाभर दाराकडे बघत होते. सासूबाई रीतभातीच्या पक्क्या. कुणी न्यायला आल्याशिवाय कशी जाशील, एवढंच त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

शेवटी वैतागून मी कपाटावरचा जळगाव जिल्ह्याचा नकाशा काढला आणि भिंतीला टांगला. म्हटलं, ज्याची ताई येणार आहे त्याने पुढे यायचं आणि तिचं सासर दाखवायचं. झालं... ही रांग लागली. यावल, रावेर, चोपडा, पाचोरा... घामट बोटांनी नकाशा मळून गेला. मधे एक एसटी येऊन गेली, कुणी बघितलंही नाही.

सिंधू मात्र जागची हलेना. का गं, विचारलं तर म्हणाली, "माले बहीनच नाही, बाई." मग इतका वेळ खिडकीत कुणासाठी लटकत होतीस, असं तोंडावर आलं होतं. विचारवलं नाही.

मग तीच म्हणाली, बाई, तुमचं माहेर दाखवा. आता पिंपळनेर धुळे जिल्ह्यात आणि नकाशा जळगावचा... मी हद्द ओलांडून डावीकडे, भिंतीवरच खडूने ठिपका काढला. पोरं खिदळली. तिकडे कसं बोलतात, तेही त्यांना ऐकायचं होतं.

असोद्याची पोरं 'हाये' म्हणतात, आमच्याकडे 'शे'. सासरी सगळे पुस्तकी बोलायचे, त्यामुळे कितीतरी महिन्यांनी मी ते मोठ्याने म्हटलं... "मन्हं माहेर पिंपळनेर शे." मग उगाच भिंतीवरचा ठिपका पुन्हा गिरवला.

"तुमाले घ्याले कोन येईन?" सिंधूने विचारलं. कुणी नाही गं, म्हटलं आणि घंटा द्यायला लावली.

आम्ही गावातच भाड्याने राहायचो. घरी येऊन भांडी घासत होते, तर दारात सिंधू. डोक्याला तेल थापलेलं, पायात कुणातरी मोठ्या माणसाच्या चपला, हातात टॉवेलात बांधलेली केळी. मुराळी रिकाम्या हाताने येत नसतो, हे त्या कार्टीला बरोबर ठाऊक होतं.

सासूबाईंनी विचारलं, काय काम आहे? ती ताठ उभी राहून म्हणाली, "मी मुराई शे."

कुठे न्यायचंय, तर पिंपळनेरले. ते कुठे आलं, माहीत आहे का? "नकाशाच्या बाहेर. भिंतीवर."

मला वाटलं, सासूबाई हसतील. नाही हसल्या. त्यांनी केळी घेतली, तिला पाटावर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मुराळ्याला एकटं परत धाडत नाहीत. पातळं भर." अर्धी केळी त्यांनीच माझ्या पिशवीत टाकली.

सिंधू पिशवी उचलून थांब्यापर्यंत आली. एसटी हलली तेव्हा ती खाली उभी राहून रुबाबात हात हलवत होती, आणि खिडकीत मी.

घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसून होती. न्यायला कोण आलं, हाच पहिला प्रश्न, "कोन उनं वं लेवाले?" मी म्हटलं, बहीण. आई बघतच राहिली, मी तिची एकुलती एक... मग सगळं सांगितलं तशी ती रडता रडता हसली. सकाळी आबांची घागर भरली, तिच्याजवळ सिंधूची केळी ठेवली.

आता रिटायर होऊन धुळ्यात असते. आई गेली, सासूबाई गेल्या. आखाजी आली की अजून एसटीच्या आवाजाने मान वळते, न्यायला येणारं कुणी नाही हे माहीत असूनही.

सिंधू सातवीनंतर शाळेतून गेली, पुढे कुठे दिली ते कळलंच नाही. तिलाही भाऊ नव्हता, बहीण नव्हती... तिला आखाजीला कोण नेत असेल, हा विचार दरवर्षी येतो.

सिंधू, हे तू वाचलंस किंवा कुणी तुला वाचून दाखवलं तर फक्त गावाचं नाव कळव. नकाशाच्या बाहेर असलं तरी चालेल... तुला न्यायला मी येते.