औषध दोघांचं होतं

"एकटीच्या गोळ्यांनी हे बरं होणार नाही, ताई. मिस्टरांना घेऊन या."

जुन्नरच्या सरकारी दवाखान्यातल्या मॅडम असं म्हणाल्या, तेव्हा मी तपासणीच्या टेबलावरून उतरून साडी सारखी करत होते. ओटीपोटात कळ येत होती, तरी मला हसूच आलं. अंगात ताप फणफणला तरी माझा नवरा दवाखान्याची पायरी चढत नाही. तो बायकांच्या दुखण्यासाठी येणार!

मॅडमनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. पीआयडी, म्हणजे पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज. गर्भपिशवीला आणि तिच्या बाजूच्या नळ्यांना जंतूंमुळे येणारी सूज. हे जंतू बहुतेक वेळा नवराबायकोच्या संबंधातून येतात. एकानेच औषध घेतलं तर दुसऱ्याकडून ते पुन्हा येतात. म्हणून गोळ्या दोघांनी घ्यायच्या आणि त्या पुऱ्या होईपर्यंत संबंध बंद. हे मी उघड लिहिते आहे, कारण आमच्यात कुणी उघड बोलत नाही. निम्म्या बायका "अंगावरून जातं" एवढंच म्हणतात आणि गप्प बसतात. मीही तशीच बसले होते.

माझं दुखणं आधी आमच्या मजूर बायकांच्या टोळीला कळलं. आम्ही ओतूरच्या बाजूला खुरपणीला आणि कांदालागणीला जातो. वावरात प्रत्येकीने आपली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याचा पट्टा घेऊन पुढे सरकायचं. माझी पात मागे राहायला लागली. आमच्यात रीत आहे, एखादीची पात मागे पडली की दोन्ही बाजूच्या बायका काही न बोलता ती ओढून घेतात आणि ओळ सरळ करतात. एकदोनदा कुणाचंही होतं. माझं रोजचंच झालं, तेव्हा टोळीच्या सुमनअक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मंदे, तुला काय व्हतंय? खरं सांग."

मी कंबर म्हणाले. त्यांनी ओळखलं. त्याच मला जुन्नरला घेऊन गेल्या होत्या.

तर मॅडमनी दिलेली दोन पाकिटं मी घरी आणली. एक माझं, एक त्याचं. नवरा पिकअप चालवतो, नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवतो. संध्याकाळी जेवताना मी त्याचं पाकीट ताटाशेजारी ठेवलं. त्याने ते बोटाने बाजूला सारलं. "मला काय झालंय? रोग तुला, गोळ्या मला?"

मग मी काय करावं? सरकारी असलं तरी औषध आहे, वाया कशाला घालवायचं, म्हणून त्याच्या गोळ्याही मीच खाल्ल्या! माझ्या आईने पोरांनी टाकलेला भात असाच कधी वाया जाऊ दिला नाही. दुप्पट गोळ्यांनी मला उलट्या झाल्या, तोंडाला पितळेचं भांडं चाटल्यासारखी चव आली आणि मी बांधावर चक्कर येऊन पडले. बायांनो, हसा, पण असं करू नका. त्याची गोळी तुमच्या पोटात जाऊन त्याला लागू होत नाही.

दुखणं थोडं दबलं आणि परत उसळलं. कारण संबंध बंद ठेवणं माझ्या हातात नव्हतं. मी एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "माझ्या जिवावर खाती अन् मलाच नाय म्हणती?" मी दिवसभर वाकून काम करणारी बाई, पण माझी कमाई म्हणून दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं. कारण माझी मजुरी शेतकरी फोनवर पाठवायचा आणि फोन नवऱ्याचा. माझ्या घामाचा पैसा टुण्ण करून त्याच्या खिशात वाजायचा. एसटीच्या तिकिटापुरते पैसे मागितले तरी कशाला हवेत ते सांगावं लागायचं. भांडून निघाले तर पोरीला घेऊन कुठवर जाणार, हा विचार यायचा आणि मी निमूट पडून राहायचे. आज लिहितानाही राग येतो.

पुढे नवऱ्याने मला ओळखीच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी, म्हणजे पोटाचं यंत्रावरचं चित्र, पाहिलं आणि म्हणाले, "मूल झालंय ना एक? मग पिशवी काढून टाका. कटकटच नको." आमच्या वाडीत कितीतरी जणींची पिशवी अशीच गेली आहे. घरी आल्यावर नवरा ऑपरेशनसाठी शेळ्या विकायची भाषा करू लागला. शेळ्या विकायला तयार होता, पण गोळ्या गिळायला नाही. मी फार रडले. माझ्या शरीरातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे दोन पुरुष ठरवत होते आणि मी चहा करत होते.

दुसऱ्या दिवशी वावरात मी अक्कांना सगळं सांगितलं, मजुरीचं आणि फोनचंही. तेव्हा कळलं की टोळीतल्या बहुतेकींचं तसंच आहे. अक्कांनी खुरपं खाली ठेवलं आणि त्या तडक शेतकऱ्याकडे गेल्या. आम्ही सगळ्या मागोमाग.

"पाटील, आमची मजुरी आमच्या हातात द्या. मोबाईलवर नगं."

"अक्का, फोनवर सोपं पडतं वो."

"तुमाला सोपं पडतं, आमाला न्हाई. काम बाई करती अन् पैसं बाप्याकडं, ह्ये कसं? नायतर उद्यापासून कुणी येणार न्हाई."

कांदालागणीचे दिवस होते, रोपं उपटून ठेवलेली, दुसरी टोळी मिळणार नव्हती. पाटलांनी डोकं खाजवलं आणि कबूल केलं. त्या आठवड्यापासून पैसे आमच्या हातात आले. काही घरांत भांडणं झाली. माझ्याही घरात झाली. पण परत फोनवर द्या, असं एकीनेही म्हटलं नाही.

त्या पैशातून मी कुणाला न विचारता एसटी धरली. लेण्याद्रीचा डोंगर दिसला तेव्हा लक्षात आलं, या रस्त्याने मी पहिल्यांदाच एकटी आणि स्वतःच्या तिकिटावर चालले होते. मॅडमनी सोनोग्राफीचे रिपोर्ट नीट पाहिले. "पिशवीला काही झालेलं नाही. सूज आहे, ती औषधाने जाईल. काढायचं काहीच कारण नाही." मी त्यांचे हात धरले. त्यांनी पुन्हा दोघांच्या गोळ्या दिल्या.

घरी येऊन मी दारातच सांगितलं, "या गोळ्या तुमच्या. घेतल्या तर बरं. न्हाई घेतल्या तर मी पोरीपाशी झोपणार."

"मग जा माहेरी."

"जाईन की. आंबेगावला भातकापणी हाय, हाताला काम हाय. पोरीला घेऊन जाईन."

ही नुसती धमकी नाही, हे त्याला कळलं असावं. दोन रात्री मी पोरीपाशी झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी पिकअपचा टप पुसता पुसता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मलाबी लघवीला जळजळ व्हती. लई दिस झालं. सांगायची लाज वाटत व्हती."

मला इतका संताप आला आणि इतकी कीवही आली, की मी तशीच आत जाऊन भांडी घासत बसले.

पुढच्याच आठवड्यात जुन्नरच्या दवाखान्यातल्या बाकावर बायकांच्या रांगेत तो टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मॅडमनी त्याला न रागावता सगळं समजावलं. आम्ही दोघांनी गोळ्या पुऱ्या केल्या. तेवढे दिवस मी पोरीजवळ झोपले. नंतरच्या तपासणीत मॅडम म्हणाल्या, "बऱ्या झालात." माझी पिशवी माझ्यापाशीच आहे. मॅडमचे उपकार आहेत, पण टोळीचे त्याहून जास्त. गोळ्या सरकारने फुकट दिल्या होत्या, त्या लागू पडण्यासाठी मात्र माझी मजुरी माझ्या हातात यावी लागली. तुमच्या ओटीपोटात दुखत असेल तर दवाखान्यात जा, आणि जमेल तशी आपली कमाई आपल्याकडे घ्या. तोही औषधाचाच भाग आहे.

परवा जेवणं झाल्यावर मी तांदूळ निवडत बसले होते. पोर शेजारी टीव्ही बघायला गेली होती. नवरा उंबऱ्याशी घुटमळला आणि त्याने विचारलं, "आज इकडं झोपशील का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

मी दमले होते. म्हणाले, "आज नाय."

"बरं," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन खाटेवर पडला. मी खडे वेचत राहिले. मी नाही म्हणाले होते आणि काहीही झालं नव्हतं.