तीन संगणकांचं एकमत

परभणीत संगणक म्हणजे चपला बाहेर काढून बघायची वस्तू होती, तेव्हा आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांनी एक सोडून तीन मागवले होते. एकच निकाल ते तिन्हींवर काढत आणि दोघांचं जुळेल ते खरं धरत. "एकट्यावर भरवसा ठेवायचा न्हाई," हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगत. प्राचार्य खर्च कमी करा म्हणाले की सर विचारत, "चुकीची जिम्मेदारी कोन घेनार?" मी मराठी शिकवायचो, पण कूलरपायी त्यांच्याच खोलीत बसायचो.

सहामाहीत पेडगावची एक मुलगी नापास झाली. तिचे आईवडील ऊसतोडीला निघाले होते. पास झाली तरच ती मामाकडे शिकायला राहणार होती. ती दारात येऊन म्हणाली, "सर, पेपर लय चांगला गेलता."

"तिघांचं एकमत हाय, पोरी."

"पन तिघांत बी आकडे तुमीच भरले ना?"

 सरांनी दोन संगणकांवर कापड टाकलं, पेपरांचा गठ्ठा काढला आणि तिला शेजारी बसवलं. "तू मोठ्यानं वाच, मी भरतो. चुकलो की टोक." तिचे बहात्तर गुण त्यांनी सत्तावीस भरले होते.

दोन संगणक कायमचे बंद करून खर्च वाचवल्याबद्दल प्राचार्यांनी सरांचा सत्कार केला. "मी शोधलेली ही पद्धत अमेरिकेत बी न्हाई," सर भाषणात म्हणाले. पहिली टाळी त्या मुलीनं वाजवली. तिला अजून दोन वर्षं याच कॉलेजात काढायची होती.