मालिकेत ताट कोणी संपवत नाही

टीव्हीवरचं जेवण मी कितीतरी वर्षं अर्धंच पाहिलं. अकोल्याचं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टीव्ही आणि सासऱ्यांची खाट, मागच्या खोलीत स्वयंपाक. भाकरी थापताना दारातून पडद्याची उजवी बाजू तेवढी दिसायची. मालिकेतलं मोठं कुटुंब टेबलाभोवती जेवायला बसलं की उजव्या अंगाला बसणारी माणसंच माझ्या ओळखीची होती. डावीकडचे नुसते बोलायचे.

एवढं मात्र मला तेव्हाच कळलं होतं की मालिकेत ताट कोणी संपवत नाही. वाट्या भरलेल्या असतात, पुऱ्या टम्म फुगलेल्या असतात, एक घास तोंडाशी जातो आणि कोणीतरी टोचून बोलतं. मग एकजण ताट सारून उठतो, त्याच्यामागे दुसरा. ते उरलेलं पुढे कोण खातं, हे कधी दाखवत नाहीत. आमच्या घरी ते मी खायचे.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. ते कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. माणसांवर ओरडायची सवय त्यांनी निवृत्तीनंतर घरी आणली. जेवताना त्यांचे डोळे टीव्हीवर असायचे. तिथे पनीर आलं की ताटातलं बेसन त्यांच्या नजरेला टोचायचं.

"पाह्य, याले म्हणतात सैपाक," ते दाराकडे न पाहता म्हणायचे. "तुह्या मायनं तुले काय शिकवलं? गुरायले कडबा टाकाचं?"

मग ताट सरकवल्याचा आवाज. कधी सरकायचं, कधी उंबऱ्यापर्यंत यायचं. आमचे हे शेजारीच बसलेले असायचे. ते जेवत राहायचे. एका सिनेमात बाई दूरच्या शेतात नवऱ्यासाठी भाकरी घेऊन येते आणि फडकं सोडताच भाकरीतून वाफ निघते. मामाजींनी ती वाफ पाहिली. त्यानंतर आठवडाभर त्यांना पानातल्या प्रत्येक भाकरीतून तशी वाफ हवी होती. इतक्या दुरून बांधून आणलेल्या भाकरीला वाफ कुठून राहील, असं माझ्या मनात आलं होतं. पण मी त्यांच्याशी बोलत नव्हते. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे जेवत नाही, बसत नाही, डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. मी तर त्यांच्या तोंडाकडेही कधी नीट पाहिलं नव्हतं. ते दारापलीकडून बोलायचे आणि मी ऐकायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून तसंच.

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्यांच्या तोंडात गाठ झाली. अमरावतीला ऑपरेशन केलं. जीभ जवळजवळ सगळी गेली, खालच्या जबड्याचा एक तुकडा गेला आणि नाकातून पोटात एक नळी आली. डॉक्टर म्हणाले, तोंडाने काही द्यायचं नाही, श्वासनळीत गेलं तर जीव जाईल. वरणाचं पाणी, दूध, फळांचा रस, सगळं फडक्यातून गाळून सिरिंजने नळीत सोडायचं. ते काम माझ्याकडे आलं. सासूबाई आधीच गेलेल्या होत्या.

मामाजी बोलायचे ते कोणाला समजत नसे. आमचे हे त्यांच्या ओठांकडे पाहत बसायचे आणि कंटाळून उठून जायचे. मला मात्र पहिल्या दिवसापासून सगळं समजलं. मी ओठ पाहून कधी ऐकलंच नव्हतं. त्यांचा आवाज कुठे चढतो, कुठे तुटतो, शिवी द्यायच्या आधी कुठे थांबतो, हे मला दाराआडून पाठ झालं होतं. जिभेशिवायही ते तसंच होतं. तेव्हापासून घरात कोणी आलं की ते बोलायचे आणि मी पदर सावरून सांगायचे, मामाजी असं म्हणतात.

दिवसभर त्यांना रांधायचे कार्यक्रम लागत. एका वाहिनीवरचा संपला की दुसरीवरचा. कांदा चिरलेला, तेल तापलेलं, वरून कोथिंबीर. नाकात नळी घेऊन ते एकटक पाहत राहायचे आणि गळ्यातल्या फडक्यावर लाळ गळायची. मी फडकं बदलायचे.

एकदा टीव्हीवरच्या बाईने वांग्याचं भरीत केलं. वांगं गॅसवर भाजलं आणि मिक्सरमधून काढलं. मामाजींनी उशाचा स्टीलचा ग्लास खाटेच्या दांडीवर आपटला.

"कर," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना वास हवा असेल. हिरवी वांगी आणली, भाजली, सोलून काठीने घोटली, वर कांद्याची पात घातली. ताट त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"खाय."

मी ताट घेऊन मागच्या खोलीकडे वळले. ग्लास पुन्हा वाजला.

"अथीच. मायासमोर."

मी जमिनीवर बसले, तोंड भिंतीकडे केलं, पदर पुढे ओढला.

"इकडं तोंड कर. पदर घे मागं."

मी घास घेतला. तो तोंडात नुसता फिरत राहिला.

"चाव," ते म्हणाले. "हळू चाव. गिळू नोको लवकर."

त्यांची नजर माझ्या जबड्यावर होती. मी चावायचे तसा त्यांचा उरलेला जबडा हलायचा. मी गिळलं की त्यांचा गळा वर-खाली व्हायचा. मला ओकारी येत होती. ताट संपल्यावर ते म्हणाले, "मीठ कमी हाय."

रात्री मी यांना सांगितलं. म्हटलं, मला लाज वाटते, तुम्ही बोला त्यांच्याशी. हे मोबाईल पाहत होते.

"खायले तं सांगून राह्यले, काही विष पी तं नाही म्हणत," हे म्हणाले. "बुढा म्हणते तसं कर."

मग ते रोजचंच झालं. टीव्हीवर बिर्याणी आली की बिर्याणी, शेवभाजी आली की शेवभाजी. एकदा तर केक. तो बसला आणि मी दगडासारखा केक त्यांच्यासमोर चावून खाल्ला. ते रोज काहीतरी नाव ठेवायचे. तिखट जास्त, तेल कमी, वास नाही. हळूहळू मला ओकारी यायची थांबली. लग्नानंतर तव्यावरून ताटात आलेली भाकरी मी पहिल्यांदा त्या खोलीत खाल्ली. गरम भाकरीला चव वेगळी असते. ती मला मामाजींच्या लाळेचा वास घेत कळली.

दिवाळीनंतर नणंद दर्यापूरहून आली. दारातच माझ्याकडे पाहून म्हणाली, "वयनी, तू तं चांगली भरली वं. अन माया बाबाच्या पार काड्या झाल्या."

शेजारच्या दोन बायाही मामाजींना पाहायला येऊन बसल्या होत्या. आमचे हे खुर्चीवर. नणंदेने बापाचा हात हातात घेतला. मामाजी रडायला लागले आणि मग बोलू लागले. बराच वेळ बोलले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणून राह्यले बाबा?" नणंदेने विचारलं.

मला सगळं समजलं होतं. दुसरं काहीही सांगितलं असतं तरी त्या खोलीत ते खोटं आहे हे फक्त मामाजींना कळलं असतं. पण ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या बोलण्यात बदल करायची सवय मला नव्हती.

"म्हणतात," मी म्हटलं, "ही रोज मायासमोर बसून गिळते. मले दाखवून दाखवून खाते. मी उपाशी मरून राह्यलो अन हे भरीत हाणते."

टीव्हीवर एक बाई पुरी तळत होती.

"खरं हाय?" नणंदेने विचारलं.

"हो."

"कावून वं? लाज नाही वाटत तुले?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे उठले आणि चप्पल घालून बाहेर गेले. मामाजी पुन्हा काही बोलले.

"आता काय म्हणून राह्यले?"

"म्हणतात, भिकाऱ्याची पोरगी हाय. घरी कधी पाह्यलं नाही."

शेजारच्या एका बाईला हसू फुटलं, तिने पदर तोंडात घेतला. नणंद म्हणाली, "पाहा, सांगतेही कशी बिनलाजी. जसं दुसऱ्या कोण्या बाईचं सांगून राह्यली." त्यानंतर ती राहिली तितके दिवस स्वयंपाक तिने केला आणि सगळ्यांचं झाल्यावर माझं ताट वाढून मोरीजवळ ठेवलं. बापाच्या नळीत दूध सोडायला मात्र ती पुढे आली नाही. ते मीच करत होते. दूध सोडताना मामाजी माझ्याकडे पाहायचे आणि मी सिरिंजवरच्या रेघांकडे.

नणंद दर्यापूरच्या गाडीला बसली त्याच दुपारी ग्लास वाजला. टीव्हीवर पाटोडीचा रस्सा चालू होता. "कर," मामाजी म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं.

मी केला. मसाला भाजला, वाटला, बेसनाच्या पाटोड्या थापून वड्या पाडल्या. ज्वारीच्या भाकरी केल्या. खोबऱ्याचा वास सगळ्या घरात भरला. ताट घेऊन पुढच्या खोलीत आले. टीव्ही बंद केला. खाटेपुढे त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि डोक्यावरचा पदर पूर्ण ओढून घेतला, आमच्याकडे सुनेने सासऱ्यापुढे घ्यावा तसा.

ग्लास वाजला. मी भाकरी कुस्करली.

"इकडं तोंड कर," ते म्हणाले. मी रस्सा ओतला.

ग्लास वाजत राहिला. मग खाली पडून दारापर्यंत घरंगळत गेला. मामाजी बोलत होते. आधी शिव्या होत्या, मग माझ्या बापाचं नाव. मग आवाज खाली आला. "एक घास," ते म्हणाले. "एकच घास पाहू दे वं, सूनबाई." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा सूनबाई म्हटलं.

मला सगळं समजत होतं. रस्सा गरम होता, मीठ बरोबर होतं. मी सावकाश चावत होते, गिळायची घाई न करता, त्यांनी शिकवलं होतं तसं. त्यांना फक्त माझी पाठ दिसत होती. ताटात काही उरलं नाही, तेव्हा मी बोटं पुसली, ताट उचललं, ग्लास दारातून उचलून त्यांच्या उशाशी ठेवला आणि गाळलेलं वरणाचं पाणी घेऊन आले.

त्यानंतर हिवाळा सरेपर्यंत ते होते. मी रोज रांधलं आणि रोज तशीच बसले.