प्रेमराजने लावलेलं कुलूप

नशिराबादच्या हेमलताबाईंना कॉम्प्युटरवरचं एकच काम नीट यायचं. फोनमधले व्हिडिओ केबलने लॅपटॉपवर घ्यायचे आणि तिथून हार्ड डिस्कमध्ये टाकायचे. मुलाने, प्रेमराजने, ते एका दुपारी दहा वेळा करून दाखवलं होतं.

प्रेमराज मालवाहू जहाजावर फिटर. जहाजावर नेट मोजून मिळायचं, त्यात दोन मिनिटांचा व्हिडिओसुद्धा उतरायचा नाही. म्हणून सात वर्षं ती हार्ड डिस्क जात-येत राहिली. तो सुट्टीवर आला की तिच्यात बंदरं, इंजिन रूम, डेकवरचं क्रिकेट असायचं. परत जाताना हेमलताबाई तिच्यात घर भरून द्यायच्या. गच्चीवर वाळत घातलेले ज्वारीचे पापड, म्हणजे बिबड्या, पाणी सोडलेली केळीची बाग, चुलत्यांकडची बारशी, काहीही.

यंदा डिस्क आली, प्रेमराज आला नाही. सहा महिने संपल्यावर त्याने करार आणखी सहा महिन्यांनी वाढवून घेतला आणि डिस्क धुळ्याच्या नवीनकडे दिली. नवीन त्याच्याच जहाजावरचा, दीड महिन्यासाठी घरी आलेला. तो जळगावच्या बस स्टँडवर येऊन डिस्क देऊन गेला, "जायच्या आधी भरून द्या काकू," म्हणाला.

नवीनला निघायला तीन दिवस राहिले तेव्हा हेमलताबाई भरायला बसल्या. डिस्क उघडली, जुनं सगळं दिसलं, पण नवं काही टाकायला गेलं की एकच उत्तर: या डिस्कवर लिहिता येणार नाही. त्यांनी केबल बदलली. लॅपटॉप बंद करून चालू केला. मग पदराने डिस्क पुसली, आणि आपण हे काय करतोय म्हणून स्वतःच थांबल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जळगावला एका दुकानात गेल्या. दुकानदाराने दोन मिनिटं पाहिलं.

"मावशी, फॉरमॅट करावी लागेल."

"म्हणजे?"

"सगळं पुसून कोरी करायची. मग चालेल."

"आतलं?"

"आतलं जाईल. दुसरीकडे काढून ठेवा ना आधी."

काढून ठेवायला दुसरी डिस्क नव्हती, लॅपटॉपवर तेवढी जागा नव्हती, आणि पुसणं हा शब्द त्यांना ऐकवला नाही. त्यांनी डिस्क उचलून पिशवीत घातली आणि दुकानाच्या पायरीवरूनच नवीनला फोन लावला.

"मला लगेच सांगता येणार नाही काकू, पाहावं लागेल," नवीन म्हणाला. "उद्या इकडेच या ना. परवा सकाळी मी निघतोय. लॅपटॉप पण आणा."

सकाळच्या बसने त्या निघाल्या. एरंडोल, पारोळा मागे पडलं तरी लॅपटॉपची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. धुळ्यात नवीनच्या घरी बॅग अर्धी भरलेली होती आणि त्याची आई, झुंबरबाई, मुलाच्या शर्टांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत होत्या.

"ये वं बईन," झुंबरबाई अहिराणीत धीर देत म्हणाल्या. "बस. बठ्ठं बराबर व्हई."

नवीनने डिस्क जोडली. इकडे तिकडे पाहिलं, एक काळी खिडकी उघडली, तिच्यात काही टाइप केलं आणि थांबला.

"काकू, ही बिघडलेली नाही. हिला कुलूप लावलंय. वाचा, पण लिहू नका, असं. आणि ते प्रेमराजनेच लावलंय. आता आठवलं मला."

"त्यानं? कशाला?"

नवीन थोडा अवघडला. "जहाजावर सगळे मागून नेतात ना डिस्क, पिक्चर बघायला. एकाने जागा हवी म्हणून एक व्हिडिओ उडवला. तुमच्या गिरणीचा. प्रेमराज त्या दिवशी जेवला नाही. मग हे करून ठेवलं, कुणाला काही पुसता येऊ नये म्हणून. घरी पाठवताना काढायचं राहिलं असेल."

हेमलताबाईंना तो व्हिडिओ आठवला. घराला लागून त्यांची पिठाची गिरणी. फोन पोत्यावर टेकवून ठेवला होता आणि बंद करायचा राहिला होता. वीस मिनिटं नुसती गिरणी चालत होती, मधूनच त्यांचा हात दिसत होता. त्याला काय बघायचंय त्यात, म्हणून त्या तो काढूनच टाकणार होत्या. ती पट्ट्याची गिरणी गेल्या दिवाळीत विकली. आता लहान यंत्र आहे, त्याचा आवाज वेगळा.

"आता मी कुठून आणू तो? फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये कुठंच राहिला नाही तो." त्या म्हणाल्या.

नवीनने आणखी दोन ओळी टाइप केल्या. "झालं. टाका आता."

हेमलताबाईंनी व्हिडिओ स्वतःच्या हाताने टाकले. हिरवी पट्टी सावकाश पुढे सरकत होती. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात झुंबरबाईंनी चहा आणला, आणि दोघी त्या पट्टीकडे बघत बसल्या.

"तुना कवय येस?" झुंबरबाईंनी विचारलं.

"दिवाळी म्हणतो. मागच्या वर्षीही दिवाळीच म्हणाला होता."

मग एकाएकी हेमलताबाई उठल्या. "नवीन, एक राहिलाय. इथंच काढते." फोन घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या, दार लोटून घेतलं. पाच मिनिटांनी परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. तो व्हिडिओही डिस्कमध्ये गेला, सगळ्यांत शेवटी.

"आता लाव परत कुलूप," त्या म्हणाल्या.

नवीनने लावलं. डिस्क बनियनमध्ये गुंडाळून त्याने बॅगेच्या मधोमध ठेवली.

दोन महिन्यांनी कुठल्याशा बंदरातून प्रेमराजचा फोन आला. आवाज तुटत होता. चुलत्यांच्या पुनमची हळद पाहिली, यंदाच्या बिबड्या पाहिल्या, नवं यंत्र पाहिलं, सगळं भराभर सांगितलं.

"सगळे पाहिलेस?" हेमलताबाईंनी विचारलं.

"एक ठेवलाय. शेवटचा. तो पाहिला की संपेल ना, आई. मग पुढे अडीच महिने काय पाहू?"

अंगणात काढलेल्या त्या व्हिडिओत त्यांनी त्याला विचारलं होतं, की बाबा, तुला इथं यावंसंच वाटत नाही का आता? खरं काय ते एकदा सांगून टाक.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय," त्या म्हणाल्या. "राहू दे. घाई नाही."