काच तिरपी केली तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं करायला नाही — हलकं व्हायची माझी लायकीच नाही.

परभणीत आम्ही दोघं एकाच सरांच्या हाताखाली संशोधन करायचो. मी आधीपासूनचा, सुनंदा मानवतची, माझ्या मागून आलेली. क्वांटम डॉट म्हणजे डोळ्याला न दिसणारे कण — प्रकाश टाकला की आपापल्या ठरलेल्या रंगात उजळतात. तिचे लाल उजळायचे. ते तिने फोटॉनिक क्रिस्टलमध्ये बसवले, म्हणजे काचेवर रचलेल्या सूक्ष्म मण्यांच्या थरांत. मणी शिस्तीत बसले की एका ठरावीक रंगाच्या उजेडाची वाट अडते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात थर भराभर वाळून तडकायचे, म्हणून ती काच ओल्या माठात ठेवून सावकाश वाळवायची. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच.

एकदा ती मावसबहिणीच्या लग्नाला गंगाखेडला गेली आणि मोजणी माझ्याकडे आली. काच समोरून बघितली — डॉट जवळजवळ विझलेले. मेले असतील? सहज काच तिरपी केली, आणि तोच लाल उजेड भपकन बाहेर आला. म्हणजे डॉट ठणठणीत होते. क्रिस्टलच त्यांचा उजेड समोरून अडवत होतं. हेच तर आम्हाला हवं होतं! मला जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते हिला माठात जमलं? संताप आला मला. तिचा. आजही येतो — फक्त आता स्वतःचा.

सरांना मी समोरची मोजणी तेवढी दाखवली. डॉट खराब निघाले, म्हणालो. काच थरांसकट धुऊन टाकली. सुनंदा परत आली आणि तिने एकच विचारलं, "दादा, तिरपं करून बघितलं का तुमी?"

"बघितलं. कायच न्हाई."

तिने लगेच मान्य केलं. का ठेवला एवढा विश्वास? भांडली का नाही? — बघा, अजून तिच्यावरच ढकलतोय मी, निर्लज्ज. सरांनी तिचा विषय बंद केला. घरच्यांनी लग्न लावून दिलं. पुढे तिचीच माठाची रीत वापरून मी पीएच.डी. मिळवली.

परवा कॉलेजात माझा सत्कार झाला. ती नवऱ्याला घेऊन मुद्दाम आली होती. माझ्यादेखत त्याला म्हणाली, "माझंच काम कच्चं होतं. दादांनी तर सगळीकडून बघितलं होतं."

मी होकारार्थी मान डोलावली. तिने आणलेला पेढा तिथेच, तिच्यासमोर खाल्ला.